बारशाआधीची मुलं

आम्ही अमेरिकेत, प्लेनो गावी नवीन आलो होतो. लायब्ररीत मायक्रोफिल्मच्या यंत्रावर वाकलेल्या, साडीवर स्वेटर घातलेल्या एक बाई दिसल्या. मंगळसूत्र पाहून मी आनंदाने जवळजवळ ओरडलेच, "मराठी ना?" त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "मराठीच. पण हळू बोल, इथे माणसं झोपली आहेत." पडद्यावर इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चची जुनी दफनाची वही होती. कुमुदकाकूंची नि माझी ओळख झाली ती अशी.

निवृत्त झालेल्या अमेरिकन मंडळींना पूर्वज शोधायचा नाद लागतो. ते इंग्लंडातल्या वह्यांच्या फिल्म मागवतात, आणि त्यातलं किचकट अक्षर लागलं नाही की काकूंना हाक मारतात. काकू वडिलांजवळ मोडी शिकलेल्या, त्यामुळे वाकड्यातिकड्या अक्षराला त्या घाबरत नाहीत. "लष्कराच्या भाकऱ्या!" असं त्यांचे यजमान भाऊकाका चिडवतात. काकू त्यांना चहा देतात आणि लायब्ररीत निघून जातात.

एकदा शेजारचे हेरल्ड आजोबा आपल्या घराण्याच्या नोंदी उतरवून घेत होते. एका ओळीत नुसतं 'थॉमसचं तान्हं मूल, पुरलं' एवढंच होतं. "नो नेम. स्किप इट, कुमुद," आजोबा म्हणाले. त्यालाही आई होती, असं काकूंनी त्यांना इंग्रजीत ठणकावलं आणि वंशवृक्षात त्या मुलासाठी चौकोन काढायला लावला. एवढ्याशा गोष्टीवरून काकू इतक्या का चिडल्या, ते मला तेव्हा कळलं नाही.

पुढच्या वर्षी माझी मुलगी जन्मली आणि तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातच गेली. मराठी मंडळातल्या बायका डबे घेऊन आल्या. मायेनेच आल्या, पण म्हणाल्या, "बारसंसुद्धा झालं नव्हतं गं, विसर आता." एकीने "यू आर यंग, यार" म्हणून पाठ थोपटली. मला कुणाचंच बोलणं सहन होत नव्हतं.

काकू रिकाम्या हाताने आल्या, शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "नाव काय ठरवलं होतंस?"

"मृण्मयी."

"मृण्मयी," काकूंनी हाक मारावी तसं म्हटलं. तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

माझे डोळे पुसताना त्या म्हणाल्या, "माझाही बारशाआधीच गेला. सांगलीला. पाहुण्यांना निरोप गेले होते. सासूबाईंनी पाळणा माळ्यावर टाकला. नाव मला कुणी विचारलंच नाही."

मी विचारलं. "इतक्या वर्षांनी ओठावर येत नाही गं," म्हणून काकू उठल्या.

यंदा, एकोणीसशे सत्याऐंशी साली, काकू साठ वर्षांच्या होत आहेत. मृण्मयी असती तर तिला त्यांच्या पाया पडायला आणलं असतं. आज तिचाही नमस्कार मीच करते.

काकू, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, डोळे शाबूत राहोत. तुमच्या बाळाचं नाव मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. घाई मुळीच नाही. पण ते सांगेपर्यंत तुम्हाला जायची परवानगी नाही.