साधं दुःख चालत नाही

भाऊजी दिवसभर रिकाम्या घरांत राहायचे. झोपायला अर्थात ताईकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे. ते तिचे यजमान. पण धंदा रंगाऱ्याचा. जुने भाडेकरू गेलेले आणि नवे अजून यायचे, अशा मधल्या दिवसांत त्या खोल्यांवर त्यांचं राज्य असायचं. भिंतीवर कधीच्या कपाटाचा फिकट चौकोन, खिळ्यांची भोकं, कुणाच्या तरी लेकराची उंची मोजून मारलेल्या पेन्सिलच्या रेघा. भाऊजी भोकांत लांबीचा लगदा भरायचे, पॉलिश पेपरने भिंत मऊ करायचे, आणि रंगाचा पहिला हात वाळेपर्यंत फरशीवर आडवे होऊन छताकडे बघत राहायचे. संध्याकाळी ताई विचारायची, "आज कुठे काम होतं?" तर हा गृहस्थ पत्ता सांगायचा नाही.

"एका पिवळ्या खोलीत होतो," म्हणायचा. "बाहेर कुठे पाणी नव्हतं, पण छतावर पाण्याचा उजेड हलत होता. कुठून येत होता कुणास ठाऊक."

मी कान टवकारून ऐकायची. ताई म्हणायची, "रंग वाळला का तेवढं सांग."

ते मूळचे या देशातले नव्हते. मिसरूड फुटायच्या वयात काकाने त्यांना एका ट्रकवर चढवलं होतं. कांद्याच्या पोत्यांवर त्यांचा डोळा लागला आणि उघडला तेव्हा रस्त्याकडेच्या पाट्या दुसऱ्याच लिपीत होत्या. ना शिक्का, ना नोंद. काका पुढे परत गेला, हे राहिले. भाषा शिकले, काम शिकले, कपाळावरच्या आठ्यासुद्धा इथल्यासारख्या पाडायला शिकले. "मी आलो असं म्हणवत नाही," ते सांगायचे. "मला जाग इथे आली, इतकंच."

ताई चष्म्याच्या दुकानात होती. मागच्या खोलीत फिरत्या चाकावर काचांच्या कडा घासायच्या आणि त्या फ्रेममध्ये बसवायच्या, हे तिचं काम. हात सोन्याचा. फक्त एक खोड लहानपणापासूनची: बोलता बोलता मध्येच हरवायची. पळी हातात, नजर कुठेतरी भिंतीपलीकडे, आणि क्षणभराने पुन्हा सुरू. घरात आम्ही त्याला 'ताईची तंद्री' म्हणायचो. बाबा तर म्हणायचे, "गाडी बोगद्यात गेली, थांबा, निघेल."

भाऊजी ते दुकान रंगवायला आले होते. चाक गरगरत होतं आणि ताई काच हातात धरून कुठेतरी लांब बघत होती. ते शिडीवरून उतरले, चाकाचं बटण बंद केलं आणि गप्प उभे राहिले. ताई भानावर आली ती कडाडूनच.

"माझ्या मशीनला हात लावायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," ते म्हणाले. "भिंत पुन्हा रंगवता येते. बोट नाही येत."

आमच्याकडे हा किस्सा पुढे कितीतरी दिवस हसत हसत सांगितला जायचा. लग्न ठरलं तेव्हा बाबांनी जावयाला समोर बसवून विचारलं, "कागदपत्रं?"

"नाहीत."

"नातेवाईक?"

"लांब आहेत."

बाबांनी जरा विचार केला. "भूक तरी लागते ना? मग जेवायला बसा."

लग्नाने काही बदललं नाही. ताई इथली नागरिक, पण तिचा नवरा कुठल्याच वहीत नव्हता. मोठ्या चौकातून जायचं नाही, गाडी चालवायची नाही, दुखलंखुपलं तर औषधाच्या दुकानापलीकडे जायचं नाही. दोघांनी हे सगळं इतकं अंगवळणी पाडून घेतलं होतं की बघणाऱ्याला वाटावं, यांना गल्लीबोळांचीच हौस आहे.

मग एके दिवशी त्यांच्या घरून फोन आला. वडील गेले.

जायला त्यांना कुणी अडवणार नव्हतं. पण परत येता येणार नव्हतं. फोन ठेवून ते कामावर गेले. दिवस कलला तरी आले नाहीत, तशी ताईने इकडेतिकडे विचारून कामाचा पत्ता काढला आणि मला घेऊन त्या रिकाम्या घरी गेली. दार लोटलेलं होतं. आतल्या खोलीत पाऊल टाकलं आणि मी जागीच थांबले. भिंती पांढऱ्या, छत पांढरं, आणि खिडक्यांच्या काचांवरूनसुद्धा पांढरा हात फिरलेला. मावळतीचं ऊन त्या रंगातून गाळून आत येत होतं. अंड्याच्या आत उभं राहिलं तर असंच दिसत असेल. मधोमध भाऊजी बसलेले, ब्रश मांडीवर.

"उजेड फार येत होता," ते म्हणाले.

ताईने बादलीत पाणी आणलं, पातं शोधलं आणि काचा खरवडायला घेतल्या. काच तिच्या ओळखीची. एकेक पट्टी मोकळी होत गेली, आणि बाहेरचं झाड तुकड्यातुकड्याने आत आलं. शेवटची काच पुसून ती म्हणाली, "उद्या वकील बघायचा."

वकीलबाई चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर बसायच्या. खोलीत खालून सरसाचा वास यायचा. बाई बुटक्या, सदा सर्दी झालेल्या, पण बोलणं स्वच्छ.

"बायको नागरिक आहे म्हणून कागद मिळू शकतो," त्या म्हणाल्या. "पण हे दार न वाजवता आत आलेत. कायदा म्हणतो, आधी बाहेर जा, तुमच्या देशात आमची जी कचेरी आहे तिथे उभे राहा आणि तिथून रीतसर या."

"आणि त्यांनी घेतलंच नाही तर?" मी विचारलं.

"तर कित्येक वर्षं बाहेर. म्हणून निघायच्या आधीच माफी मागून ठेवायची. ती मिळाली की मग जायचं. माफी यांना यांच्यासाठी मिळत नाही. ती मिळते बायकोसाठी." त्या ताईकडे वळल्या. "हे नसले तर तुमचं काय होईल, ते सरकारला पटवायचं."

ताई ताठ बसली. "काय व्हायचंय? वाईट वाटेल."

"ते पुरत नाही हो. नवरा लांब गेला की प्रत्येकीला वाईट वाटतं. साधं दुःख चालत नाही. असाधारण लागतं."

ताईला मी आयुष्यात रडताना पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही ती स्वयंपाकघरात डबे घासत होती. 'तुझ्याशिवाय करमत नाही' हे वाक्य तिने नवऱ्यालासुद्धा कधी म्हटलं नसणार. ती म्हणाली, "मी कमावते. मला जगता येतं. खोटं सांगू का?"

वकीलबाईंनी नाक पुसलं. "खोटं नको. खरं जे असेल ते सांगा."

खाली हातोडी चालली होती. भाऊजी अगदी हळू म्हणाले, "सांग ना. तुझं तू सांग. मी नाही सांगणार."

आणि मग ताईने सांगितलं, खिडकीकडे बघत. ती तंद्री नव्हतीच. लहानपणापासून तिला झटके येत होते, असे निःशब्द. आधी तोंडात नाण्यासारखी चव यायची, मग खोली लांब जायची, विहिरीच्या तळातून वरचं आभाळ दिसावं तितकी लांब, आणि माणसांचे आवाज पाण्यातून यायचे. परत आल्यावर मधलं काहीच आठवायचं नाही. लग्नाआधी ती गुपचूप डॉक्टरकडे गेली होती. दुकानात कळलं तर चाकावरून उठवतील, म्हणून तिने ते कुणालाच कळू दिलं नाही. गोळ्या चालू होत्या, तरी अधूनमधून व्हायचंच. एकदा गॅसपाशी झालं. एकदा रस्ता ओलांडताना. दोन्ही वेळा भाऊजी जवळ होते.

"ह्याला माझ्या आधी कळतं," ती म्हणाली. "माझा शब्द जड झाला की हा उठतो. हातातलं काढून घेतो. हलवत नाही, हाका मारत नाही. नुसता थांबतो. मी परत येते तेव्हा पहिल्यांदा ह्याचं तोंड दिसतं, आणि मग मला कळतं, मी कुठल्या खोलीत आहे ते." ती थांबली. "हा नसला तर कुठे परत यायचं, ते मला कळणार नाही."

भाऊजी मान खाली घालून बसले होते. त्यांनी नखाखालचा निळा रंग कोरून कोरून पार काढून टाकला.

हे सांगण्याची किंमत ताईला लगेच मोजावी लागली. डॉक्टरचं पत्र हवं, मालकाचंही हवं. म्हणजे मालकाला कळणार. मालक भला माणूस. त्याने कामावरून काढलं नाही, पण चाकावर बसू दिलं नाही. पुढच्या काउंटरवर, गिऱ्हाइकांची नाकं मोजायला बसवलं. ताई घरी येऊन इतकंच म्हणाली, "लोकांची नाकं फार वाकडी असतात गं." पण पुढचे कितीतरी दिवस तिची बोटं रिकामी असली की टेबलाच्या कडेवर हलकेच फिरत राहायची.

मग वाट बघणं. त्याबद्दल काय सांगायचं? लग्नाचे फोटो, विजेची बिलं, शेजाऱ्यांची पत्रं, सगळं गेलं, आणि ऋतू आपापल्या गतीने खिडकीवरून सरकत राहिले. भाऊजींच्या देशाच्या वकिलातीतून त्यांचा पासपोर्टही काढून झाला. एका दुपारी वकीलबाईंचा फोन आला: माफी मिळाली. आता जायचं.

ज्या दिवशी भाऊजी गेले त्या दिवशी मी माझी पिशवी उचलून ताईकडे राहायला आले. जाताना त्यांनी मला शिकवलं होतं: शब्द जड झाला की उठायचं, हलवायचं नाही, घाबरायचं नाही. "बाकी काही करू नकोस, मेहुणीबाई. नुसतं हजर राहायचं. दिसतं तितकं सोपं नाही."

तिकडून फोन यायचे ते एखादा माणूस स्वप्न सांगतो तसे. आईचं घर त्यांना लहान वाटलं. दाराला डोकं आपटलं. आईने आधी मिठी मारली, मग एक धपाटा घातला आणि मग भिंतींकडे बोट दाखवून म्हणाली, "रंगारी झालास म्हणे. कर सुरुवात." ते घर रंगवत होते. वडिलांची खोली त्यांनी शेवटी ठेवली होती. दुपारी अंगणात खाटेवर पडलं की तासन्‌तास झोप लागायची, कुणाच्या पावलांना न दचकता. "इथे मी कुणीही नाही," ते म्हणाले. "कुणी बघतच नाही माझ्याकडे. फार छान वाटतं."

फोन ठेवल्यावर ताई टेबलाची कड बोटाने चाचपत बसली. कचेरीतल्या मुलाखतीची तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली. एका संध्याकाळी तिने त्यांना सरळच विचारलं. फोन टेबलावर होता, आवाज मोठा करून ठेवलेला. ती चहा पीत होती, मी भाजी निवडत होते.

"तुला तिथेच राहायचंय का? तसं असेल तर सांग. मी येईन. काउंटर काय, कुठेही..."

वाक्य अर्धवट राहिलं. मला वाटलं, ती शब्द शोधतेय. मी मानसुद्धा वर केली नाही.

फोनमधून भाऊजींचा आवाज आला, शांत, अगदी शेजारी बसल्यासारखा. "मेहुणीबाई, तिच्या हातातला कप घे."

मी उठले. कप कलता कलता धरला. ताईची नजर माझ्यातून आरपार गेलेली. पलीकडे, त्या दूरच्या अंगणात कोंबडी ओरडत होती, कुणीतरी बादली ठेवली, आणि भाऊजी काहीही बोलत नव्हते. नुसते होते. त्या शांततेत आम्ही तिघं जणू एकाच खोलीत बसलो होतो. मग ताईने पापण्या मिटल्या, उघडल्या.

"मी काय म्हणत होते?"

"मी तिथे राहणार का, ते विचारत होतीस," भाऊजी म्हणाले. "नाही राहणार. वडिलांच्या खोलीला दुसरा हात दिला की माझं इथलं काम संपलं."

कचेरीत त्यांना जाडजूड फाइल समोर ठेवून बसलेल्या अधिकाऱ्याने विचारलं, की तुम्ही सीमा कशी ओलांडलीत. वकीलबाईंनी बजावलं होतं, मोजकं बोला. हे म्हणाले, "झोपेत, साहेब." दुभाषी हसला, अधिकारी हसला नाही. त्याने पानं उलटली, ताईच्या डॉक्टरचं पत्र वाचलं आणि विचारलं, "त्या वेळी ती जाते कुठे?"

"ते मी कधी विचारलं नाही. परत येते, तेवढं पुरे."

अधिकाऱ्याने आणखी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पासपोर्ट इथे ठेवून जा." वकीलबाईंनी सांगितलं होतं, पासपोर्ट ठेवून घेतला तर काम झालं समजा. भाऊजी बाहेर येऊन पायरीवर बसले, आणि आई त्यांना उठवेपर्यंत बसूनच राहिले.

विमानतळावर ताई कठड्याला धरून उभी होती. ते बाहेर आले, एक पिशवी, उन्हाने रापलेले, जरा भरलेले. ताई जवळ गेली, त्यांच्या खांद्यापाशी नाक नेलं.

"तुझ्या अंगाला रंगाचा वास येत नाही," ती म्हणाली, आणि तिथे, सामानाच्या गाड्यांच्या गर्दीत, माझी ताई रडली. लोक वळसा घालून जात होते. भाऊजी नुसते उभे राहिले.

आता त्यांच्याकडे कार्ड आहे, परवाना आहे आणि एक जुनी टपाची गाडीसुद्धा. परवा त्यांनी गाडीच्या दारावर आपलं नाव रंगवलं: आधी खडूची रेघ, मग बारीक ब्रश. ताई काउंटरवरून आली ती थेट गाडीसमोर उभी राहिली. मान तिरकी करून बघितलं, एक डोळा मिटून बघितलं.

"शेवटचं अक्षर झुकलंय," ती म्हणाली.

"ओलं आहे," भाऊजी म्हणाले. "हात लावू नकोस."