म्हशींच्या उतारावरची उडी

पंचगंगेला पूर आला की आमच्या गल्लीतला खोगीरवाला दुकान टाकून घाटाकडं निघायचा. महाराजांच्या पागेची खोगिरं शिवणारा माणूस. पण पाण्यात उतरला की मगरीसुद्धा रामराम घालून बाजूला व्हायच्या, हे मी शपथेवर सांगतो. उडी कुठून टाकायची, हे मात्र तो सहजी ठरवत नसे. काठाकाठानं फिरून उसाचं पाचट पाण्यात सोडायचा, ते कुठं गरगरतं ते बघायचा आणि नेमका तिथंच उडी घ्यायचा. आम्ही गुमान त्याच्या मागं.

एका साली त्याचा नवा जावई सोबत आला. पहिल्या पुरात जावयानं उडी टाकायची, नाहीतर जन्मभर चिडवून घ्यायचं, ही गल्लीची रीत. जावई माळावरच्या गावचा, पोहणं विहिरीपुरतं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

खोगीरवाल्यानं सगळा काठ पालथा घातला आणि थांबला तो म्हशी धुवायच्या उतारावर.

"हितं? हितं म्हशी बी झोपा काढत्यात की!" मी ओरडलो.

"गुडघं धरल्यात रं माझं," म्हणत त्यानं पोरासारखा कमरेला भोपळा बांधला. "जावईबापू, जरा सोबत करा. एकट्याला भ्या वाटतंय."

दोघं मिळून पाण्यात पडले. सगळा घाट खोगीरवाल्याला हसला. जावयाकडं कुणी बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी खोगीरवाला एकटाच भोवऱ्यात उडी घेताना मला दिसला. पण कुणी विचारलं तर मी अजून शपथेवर सांगतो, त्याचे गुडघे धरले होते.