पाणकोंबडीची चाल

माझा धाकटा दीर जहाजावर इंजिनरूममध्ये काम करतो. एकदा तो सफरीवरून लग्न करूनच परतला आणि ओवे गावातल्या आमच्या घरात फिलिपिन्सची जाऊ आली. सासूबाई सुरुवातीला तिच्याशी खाणाखुणांनीच बोलायच्या. राग नव्हता, काय बोलावं तेच त्यांना सुचत नसे. मग एका सकाळी जावेने कुणी न सांगता खाडीच्या चिखलातले निवटे मासे राखेत घोळून साफ करायला घेतले, तसा सासूबाईंनी तिच्याशेजारी पाट टाकला. तिथून दोघींचं जमलं. म्हणून जाऊ मराठी शिकली ती सासूबाईंचीच, ‘हाय’ आणि ‘नाय’वाली.

तिचं गाव म्हणजे समुद्राकाठचं शहर. तिथे दरवर्षी नाचांचा मोठा उत्सव भरतो. त्या शहराची सगळी जुनी कहाणी रस्त्यावरून नाचत जाते, असं ती सांगायची. होड्या ओढणाऱ्यांचा नाच, जाळी विणणाऱ्या बायकांचा नाच, भात कापणाऱ्यांचा नाच. प्रत्येक आळीचा वेगळा ताफा. तिच्या आळीचा मान बांबूच्या नाचाचा. दोघांनी जमिनीवर बसून दोन बांबू आपटायचे आणि नाचणाऱ्यांनी त्यांच्यामधून पाय वाचवत उड्या मारायच्या. ती लहानपणापासून त्यात होती. तिची आई बांबू धरायची.

लग्न होऊन आल्यापासून तो उत्सव तिने कधी पाहिला नव्हता. दीर वर्षातले बरेच महिने समुद्रावर, पदरात लहान मुलगी, मग जाणार कशी? उत्सवाच्या दिवशी तिची बहीण गर्दीत उभी राहून व्हिडिओ कॉल लावायची. जाऊ मसाल्याच्या डब्याला फोन टेकवून ठेवायची आणि एकीकडे मासे कापायची. आम्ही जेवायला बसेपर्यंत तिचं पाहून झालेलं असायचं. काय पाहिलं ते आम्ही विचारत नसू, तीही सांगत नसे.

एका वर्षी तिच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला होता. तरी घरच्यांनी तिला खुर्चीवर बसवून रस्त्याच्या कडेला आणलं. आळीचा ताफा जवळ आला आणि नेमकं तेव्हाच चित्र थांबलं. आईचा अर्धा चेहरा आणि कुणाचा तरी घागरा, एवढंच पडद्यावर राहिलं. जावेने ओल्या हाताने पुन्हा पुन्हा फोन लावून पाहिला, पण लागेना. मी भाकरी थापत होते. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, “ताई, दोन बांबू मिलतील?”

शेजारी हळदीचा मांडव घालत होते. मी मांडववाल्याला सांगून दोन लांब बांबू मागून घेतले. संध्याकाळी आम्ही ते गच्चीवर चढवले. एका टोकाला मी बसले, दुसऱ्या टोकाला माझ्या नवऱ्याला बसवलं. तो लाजून जिन्याकडेच बघत होता. जावेने ठेका शिकवला. दोनदा जमिनीवर, एकदा एकमेकांवर. सुरुवातीला आमचा ठेका इतका चुकत होता, की तिने पाय टाकलाच नाही, नुसती बाजूला उभी राहून टाळ्या वाजवत राहिली. मग जमलं. तिने चपला काढल्या, गाऊन जरा वर खोचला आणि आत उडी घेतली.

आमच्याकडच्या हळदीत बँजोवर नाचताना ती नेहमी बावरलेली असायची, हात कुठे ठेवावे ते तिला कळत नसे. गच्चीवर ती मला वेगळीच बाई वाटली. मान ताठ, नजर दूर, पाय मात्र जमिनीला टेकतात न टेकतात तोच वर.

सासूबाई सुकत घातलेले बोंबील गोळा करायला वर आल्या होत्या. सूप काखेत धरून बराच वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, “ही त पानकोंबडी हाय.”

जावेला शब्द कळेना. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं, लुगडं सावरलं आणि चालून दाखवलं. चिखलातून पाय उचलायचा, क्षणभर थांबायचं, इकडेतिकडे बघून पुढचा टाकायचा. जाऊ थक्क होऊन बघत राहिली. भातखाचरांत फासे चुकवत पळणाऱ्या अशाच एका पक्ष्यावरून हा नाच निघाला, असं तिच्या आईने तिला शिकवलं होतं. तिने ते तोडक्यामोडक्या शब्दांत सांगितलं. सासूबाईंनी समोरच्या टॉवरांकडे हात केला. तिथेच आमची खाचरं होती, म्हणाल्या, बांधावर बसलं की पाणकोंबड्या अशाच चालत जाताना दिसायच्या. जाऊ त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी बांबू हातात धरून तशीच बसले होते. मला त्या पाणकोंबड्या पाहिल्याचं आठवत नव्हतं. मी लग्न होऊन आले तोवर तिथे भराव पडला होता.

पुढच्या वर्षी उत्सवाआधी सासूबाईंनीच विषय काढला. मुलाला फोनवर म्हणाल्या, “तिची आय हाय तवर तिला जाऊ दे.” जाऊ मुलीला घेऊन महिनाभरासाठी गेली. आईजवळ कुणीतरी हवं होतं म्हणून महिन्याचे दोन झाले, मग मुलीची शाळा तिथेच सुरू झाली. दीरही आता सुट्टीला तिकडेच उतरतो. कुणी भांडलं नाही, कुणी काही ठरवलंही नाही. तिचे कपडे अजून आमच्या कपाटात आहेत. पावसाळा संपला की मी ते उन्हात घालून परत घडी करून ठेवते.

ती मला दरवर्षी उत्सवाला बोलावते. मी पासपोर्टही काढला. पण सासूबाईंना आता एकटं ठेवता येत नाही आणि त्यांना घेऊन एवढा लांबचा प्रवास होणार नाही. त्या शहराचे रस्ते, चर्चचा चौक, ताफा वळतो तो कोपरा तिच्या फोनमधून बघून बघून मला पाठ झाला आहे, आणि कधी न पाहिलेल्या त्या गावासाठी जीव तुटतो. फोनमध्ये वास तेवढा येत नाही. परवा मी तिला विचारलं, सकाळी समुद्राकडच्या रस्त्याला वास कसला येतो?

तिने जरा विचार केला.

“आपल्या मोरा बंदराच्या धक्क्यावानी,” ती म्हणाली. “सुकी मच्छी नि डिझेल. तू ये ना, ताई.”

मी येईन म्हटलं.