सलीमचाचांचा पान्हा

परवा पंक्चरच्या सोल्यूशनचा वास आला आणि मी मनानं थेट ओतूरला, सलीमचाचांच्या सायकल दुकानात पोचलो. तेव्हा मी सायकलवर घरोघरी दूध घालून तसाच कॉलेजला जायचो. दुधाचे कॅन लावल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून माझी सीट पार खाली असे. गुडघे इतके ठणकत, की मी कॉलेजच सोडणार होतो.

माझं गाऱ्हाणं ऐकून चाचा हसले. “राव, उकिडवं बसून चालता व्हय तुमी? गुडघं बोंबलणारच!”

खालच्या पॅडलवर माझी टाच ठेवून, पाय सरळ होईपर्यंत त्यांनी पान्ह्यानं नट सैल करून सीट चढवली.

“चाचा, पाय टेकत नाय! पडंन की!”

“चवडं टेकत्यात, लई झालं. निघा.”

निघालो, आणि पाय अख्खा उलगडला! अजून नवल वाटतं. रोज सायकल ढकलत चढायचो तो चढ कधी संपला कळलंच नाही. भानावर आलो तेव्हा कॉलेजच्या फाटकात होतो.