साहेब येणार, तू येऊ नको

आर्णीहून आमच्या शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यात इतके मोठे खड्डे आहेत की मागच्या पिढीचे दोन-चार गुरुजी अजून त्यांतच बसलेले सापडतील. त्या रस्त्यानं मी रोज स्कूटी हाणत जायची. चौथीत बसलेल्या पण पहिलीचंही न वाचता येणाऱ्या पोरांना वाचायला शिकवायची. शाळेची पक्की बाई नव्हते. मागं पडलेल्यांसाठी नेमलेली जादाची.

त्यात एक मुलगी होती. आई-बाप दुसऱ्याच्या शेतात मजुरीला. तिच्या तोंडून एक 'कमळ' काढायला मी जेवढा घाम गाळला, तेवढ्यात अख्खा तालुका ओलिताखाली आला असता. पण दिवाळीनंतर ती वाचायला लागली. हळू. म्हणजे दोन शब्दांच्या मधे आपण चहा ठेवावा, उकळावा, पिऊन कप विसळावा. पण वाचायची, स्वतःच्या डोळ्यांनी.

आणि नेमका कापूस फुटला. तिच्या आईनं मला रस्त्यात अडवून सांगितलं की धाकट्याला बांधावर पाहायला कोणी नाही, पोरगी आता शेतात येईल. इतकी वर्षं शाळेत जाऊन तिला आलं तरी काय? मी छाती ठोकून म्हणाले की तालुक्याचे साहेब शाळा तपासायला येणार आहेत, ती त्यांच्यासमोर वाचेल, तुम्ही आपल्या कानांनी ऐका. आई विचार करून म्हणाली, साहेबासमोर वाचलं तर हंगामातही शाळेत धाडते. नाहीतर धाकट्यापाशी.

साहेब आले त्या दिवशी ती पोरगी गैरहजर.

आमच्या शाळेची एक जुनी, मायाळू रीत आहे. साहेब यायचे असले की आदल्या संध्याकाळी कच्च्या पोरांच्या घरी निरोप जातो: उद्या येऊ नको. कोणी रागवत नाही, पोरांनाही सुट्टी वाटते. हेडमास्तरांनी सवयीनं तिच्याही घरी निरोप धाडला होता. मी विचारलं तर म्हणाले, अरे हो, ती आता वाचते नाही का! मला त्या क्षणी शाळेची कौलं एकेक करून उतरवावीशी वाटली.

साहेब पोहे खात होते. मी स्कूटीला अशी किक मारली की ती राजूरच्या खाणीतही ऐकू गेली असणार. शेतात आई ओटीत कापूस भरत होती, पोरगी बाभळीखाली झोळीला झोका देत होती.

"तुमच्याच शाळेनं येऊ नको म्हणलं ना?" आई हात न थांबवता म्हणाली. "मी समजलो, पोरगी नापासच झाली. मंग कायले आणू?"

मी भांडले, हात जोडले, पुन्हा भांडले. शेवटी आई, पोरगी, झोळीतला धाकटा आणि ओटीतला कापूस, सगळं त्या एका स्कूटीवर लादलं. मागचं चाक त्या दिवसापासून चौकोनी आहे.

पोहोचलो तेव्हा साहेब हात धूत होते. मी पोरीला पुढं केलं. पुस्तक उघडलं. ती बोट ठेवून निघाली: "चि... म... णी... चिमणीने... झा... डा..."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "झाडावर घरटे बांधले! शाब्बास, छान वाचते." डोक्यावर थाप मारली, पुस्तक मिटलं, गाडीत बसून गेले.

आई पोरीच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग मला म्हणाली, "हे वाचलं कोणं, मॅडम? तिनं का साहेबानं?"

हेडमास्तर मागून समजावत होते की साहेब खूश होऊन गेले, आता कायले जीव जाळता. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उरलेले पोहे घेऊन आत गेले. मी मायलेकींना ओट्यावर बसवलं आणि पुढचं पान उघडलं.

पोरीनं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. साहेबानं वाक्य तोंडातून काढून घेतल्यावर कोण बोलेल? मग खाली मान घालून ती सुरू झाली. एक ओळ. दुसरीत अडली. धाकटा कोकलत होता, माझ्या जिभेला आग लागली होती, तो शब्द सांगून टाकायला मी तोंड उघडलं.

"थांबा," आई म्हणाली. "तिचं तिले म्हणू द्या."

थांबलो. एवढ्या वेळात फुलसावंगीला जाऊन परत येता आलं असतं. शब्द आला. मग पुढचा. पान संपलं.

आईनं ओटीतला कापूस सावरला. "हे तं वाचते," ती म्हणाली. मग उठता उठता: "उद्यापासून धाडतो. पण धाकटा तिच्यासंगं येईन. मी कापूस वेचू का याले पाहू?"

मी हो म्हटलं. नाही म्हणायला मला कोणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आली, कडेवर धाकटा. एका हातानं त्याला धरलेलं, दुसऱ्यानं पुस्तक. ओळीखाली बोट ठेवायला तिसरा हात नाही. मग बोट मी ठेवलं, रागानं कागदाला भोक पडेल इतकं दाबून, आणि भोंगा पसरलेल्या त्या पोराच्या वर आवाज चढवून ती वाचत राहिली.