शेषरावला लागलेलं ऊन

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. मी झोपेत बडबडतो असं ती म्हणते, पण हे तिच्या कानावर कधी पडलं नाही — म्हणजे झोपेतसुद्धा मी सावध राहिलो. तुम्ही मला ओळखत असाल तर पुलगावचा फुटबॉलवाला म्हणून ओळखत असाल. चांगला खेळाडू, पुढं चांगला मॅनेजर, मित्राला शेवटपर्यंत सांभाळणारा माणूस. हे शेवटचं तर लोक फार कौतुकानं सांगतात. ऐकताना मी मान खाली घालतो, आणि लोकांना तो माझा विनय वाटतो.

कुठून सुरू करू? शेषरावपासूनच करतो.

तो नाचणगावचा. आम्ही दोघं गिरणीत एकाच वेळी लागलो, सत्तरच्या पुढच्या वर्षांत. लागलो म्हणजे काय — गिरणीला फुटबॉलचा संघ हवा होता, म्हणून आम्हाला घेतलं. नाव खात्यात, जीव मैदानावर. मी बचावात खेळायचो, तो सगळ्यांत पुढं. मी मेहनती होतो, हे माझे वैरीही सांगतील. पण शेषरावला मेहनत लागतच नव्हती हो! चेंडू त्याच्या पायांत घरच्या मांजरासारखा घुटमळायचा. मला त्याचा हेवा वाटायचा. मित्र होता, एका डब्यात जेवायचो, तरी वाटायचा. 'तरी' का म्हणतो मी? मित्र होता म्हणूनच जास्त वाटायचा.

एका मे महिन्यात आष्टीला स्पर्धा होती. आमच्याकडचा मे! त्या दिवसांत खिशात कांदा घेतल्याशिवाय माणूस उंबरठा ओलांडत नाही. खिशात कांदा असला की ऊन बाधत नाही, ही आमची पिढ्यान् पिढ्यांची समजूत. आम्ही खेळाडूही चड्डीच्या खिशात कांदा घालून गाडीतून उतरलो होतो.

नागपूरच्या एका मोठ्या क्लबचा माणूस मॅच बघायला येणार होता. एकाला घेणार, पगारावर, नुसतं खेळण्यासाठी. तो एक कोण, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. शेषरावलाही माहीत होतं, आणि तो सकाळपासून नुसता हसत होता.

मॅचच्या आधी आम्ही आपसात चेंडू खेळत होतो. नागपूरचा माणूस मंडपात येऊन बसला, आणि शेषरावनं नेमका तेव्हाच माझ्या दोन पायांमधून चेंडू काढला. मंडपातून टाळी आली. एकच टाळी, पण त्याच माणसाची. पुढच्या क्षणी चेंडू वर उडाला, आम्ही दोघं उडालो, आणि मी कोपर मारलं. डाव्या कानामागं. चुकून लागलं नाही — मी मारलं. धूळ उडाली होती, बाकीचे पाण्याच्या माठाकडं गेले होते. कुणी पाहिलं नाही. तो खाली पडला, उठला, कान चोळत म्हणाला, "मारून टाकतं का रे मले?" आणि पुन्हा हसला.

तुम्ही म्हणाल, मैदानावर कोपरं लागतात. लागतात. तेवढ्यासाठी मी तुमच्यासमोर बसलो नसतो.

पहिला अर्धा वेळ तो खेळला. गोलही केला. मध्यंतरात ओकला आणि म्हणाला, डोकं जड झालं, झोपू द्या मले. मग काय, सगळे एकदम वैद्य झाले. "ऊन लागलं, ऊन लागलं!" कुणी तळपायाला कांदा ठेचून चोळला, कुणी पन्हं आणलं, कुणी ओलं फडकं. गावातले डॉक्टर आले. त्यांनी पापणी उघडून डोळे पाहिले, आणि त्याच्या उशाशी मी बसलो होतो म्हणून मला विचारलं, "खेळताना डोक्याला मार बसलाय का याच्या?"

किती सोपा प्रश्न! हो म्हणायचं होतं. कसा बसला हेही सांगायची गरज नव्हती. चेंडू लागला म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मी म्हणालो, "नाई डॉक्टरसाहेब. ऊनच लागलं."

इतकं सहज! मला आजही धक्का बसतो तो याचा. मी घाबरून अडखळलो असतो, तर निदान माणूस तरी ठरलो असतो. पण ते वाक्य असं आलं, जसं कुणी वेळ विचारावी आणि मी सांगावी. आणि मे महिन्यात आष्टीच्या मैदानावर अशा वाक्यावर कोण शंका घेणार? शाळेच्या व्हरांड्यात त्याला सावलीत निजवलं, आणि आम्ही उरलेली मॅच खेळलो. मी त्या दिवशी फार चांगला खेळलो. नागपूरच्या माणसानं मला घेतलं.

संध्याकाळी शेषराव उठेना, तेव्हा जीपमधून वर्ध्याला नेला. डोक्यात रक्त साकळलं होतं म्हणे. मार लागल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून तिथल्यांनीही ते उन्हावरच ढकललं. जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय गेला. आणि त्या दिवसातलं त्याला काहीच आठवेना, माझ्या पायांमधून काढलेला चेंडूसुद्धा नाही.

मी नागपूरला खेळलो, कलकत्त्यालाही खेळून आलो. पुढं गुडघे गेले, तेव्हा गिरणीनं मला मॅनेजर म्हणून परत बोलावलं. पहिलं काम मी काय केलं? शेषरावला संघात सामान सांभाळायला घेतलं. गावानं वाहवा केली. त्याची बायको सिंधू माझ्या पाया पडायला वाकली — "भाऊजी, तुम्ही हाये म्हून आमची चूल पेटते." मी तिला वाकू दिलं.

आणि शेषराव? उन्हाळ्यातल्या प्रत्येक मॅचच्या आधी तो पाय ओढत रांगेतून फिरायचा. गळ्यात झोळी, झोळीत कांदे. डाव्या हातानं प्रत्येक खेळाडूच्या खिशात एकेक घालायचा. "ठेव बाप्पा. मी नव्हता ठेवला त्या दिवशी, पाह्य माही गत." त्यानं ठेवला होता. मी त्याच्याच शेजारी गाडीतून उतरलो होतो, त्याच्या खिशाचा फुगवटा मला दिसला होता. तरी तो वर्षानुवर्षं स्वतःलाच दोष देत राहिला, आणि मी बाकावर बसून ऐकत राहिलो.

मग अल्लीपूरची मॅच आली. आमचा विलास नावाचा खेळाडू गोलच्या खांबावर आदळला. कपाळावर हे एवढं टेंगूळ. उठला, खेळला, आणि थोड्या वेळानं ओकून खाली बसला. लोक लगेच ओरडले, "ऊन लागलं!" शेषराव कांदा घेऊन लगबगीनं निघाला. मला काय झालं कोण जाणे. मी त्याचा हात झटकला आणि किंचाळलो, "ऊन नाई लागलं याले! डोकं पाहा! कानामागं पाहा, कानामागं!"

सगळे माझ्याकडं बघत राहिले. टेंगूळ तर कपाळावर होतं.

शेषरावच्या हातून कांदा पडला. त्याचा डावा हात हळूहळू वर गेला आणि डाव्या कानामागं थांबला. मी ते पाहिलं.

विलासला हिंगणघाटला नेलं, तो वेळेवर पोचला, सुखरूप राहिला. लोक म्हणाले, मॅनेजर असावा तर असा.

मैदान रिकामं झाल्यावर शेषराव माझ्याजवळ येऊन बसला. रागात नव्हता. लहान लेकरानं विचारावं तसं त्यानं विचारलं, "मले कानामागं लागलं होतं का रे, आष्टीले?"

बघा. तिथं दुसरं कुणी नव्हतं. नागपूरचा माणूस नव्हता, माझी नोकरी जाणार नव्हती, मी पंचविशीतला पोरगा नव्हतो. इतक्या वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा माझ्यासमोर आला होता, आणि या वेळी ज्याचं डोकं होतं, तोच विचारत होता.

मी म्हणालो, "नाई रे. ऊनच लागलं होतं तुले."

पुन्हा तसंच. सहज.

त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग म्हणाला, "हो. ऊनच असन." आणि चेंडू गोळा करायला उठला. एका हातानं, एकेक. मी बसूनच राहिलो.

त्याला कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं.

पुढच्या मॅचला तो झोळी घेऊन आला. रांगेतल्या सगळ्यांना कांदे वाटून झाले. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला त्यानं तोवर कधीच दिला नव्हता, मी खेळत नव्हतो ना. झोळीतून त्यानं एक कांदा काढला, माझ्या सदऱ्याच्या खिशात घातला, आणि वरून हातानं थोपटला.

"ठेव," तो म्हणाला. "ऊन लय आहे."

मी ठेवला.