अंगणात कोंडलेला कस्टमवाला

आता तुम्ही घरचेच म्हणून सांगते. चहाचा घोट आधी गिळून घ्या, नाहीतर ठसका लागेल. असा घोळ घातलाय मी, की हिंदी मुलखातल्या आमच्या विजय नगरात तोंड वर करून चालायची सोय राहिली नाही!

आमच्या कॉलनीत ठगांपासून लोकांना सावध करणारी मीच. रोज सकाळी दहा ग्रुपवर माझा इशारा : "कस्टममध्ये पार्सल अडकलंय म्हणून फोन आला, की कापा!" मग सांगा, कस्टमवाला माझ्याच दारात उगवल्यावर मी काय त्याला ओवाळणार होते?

दुपारची वेळ. एक माणूस फाटक उघडून अंगणात आला. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल. इतका सभ्य, की तिथंच मला संशय आला.

"सुनंदा जी? कस्टम विभाग से हूँ. आपके नाम का नोटिस है, यहाँ साइन कर दीजिए."

"अच्छा! और ओटीपी कब माँगोगे?"

"ओटीपी नहीं, मैडम. डाक से भेजा था, आपने लौटा दिया. ईमेल भी किया था."

आता हे ह्याला कसं ठाऊक? पोस्टमनला मीच परत धाडलं होतं, ईमेल मीच उडवला होता. म्हणजे मेला पाळत ठेवून होता! त्यानं ओळखपत्र काढलं. मी म्हटलं, "ऐसा कार्ड तो मैं भी छपवा लूँ!"

आतून आमचे हे ओरडले, "अगं, काहून भांडून राहिली? घे ना कागद!"

"तुम्ही गप्प बसा! सही केली की घर गेलंच समजा!"

मी चपळाईनं फाटकाला कुलूप ठोकलं, जाळीच्या दाराआड आले, त्याचा फोटो काढला आणि दहाही ग्रुपवर टाकला : "सावधान! यह ठग मेरे आँगन में बंद है." पोलिसांनाही फोन केला.

पाच मिनिटांत फाटकाबाहेर ही गर्दी! शेजारचे तिवारी भैया तर बॅट घेऊन आले. तो बिचारा तुळशीपाशी फाइल छातीशी धरून उभा.

हवालदार आले. त्यांनी कार्ड पाहिलं, कस्टमच्या ऑफिसात फोन लावून खात्री केली. "दीदी, ये तो असली हैं."

मी म्हटलं, "और आप?"

हो! पोलिसाला विचारलं मी हे!

शेवटी तो माणूस थकून म्हणाला, "मैडम, आप नहीं लेंगी तो कानून से दरवाज़े पर चिपकाना पड़ेगा. दो गवाह चाहिए."

दोन? अख्खी कॉलनी तयार! आमच्या ह्यांनी फाटकाचं कुलूप काढलं, तिवारी भैयांनी डिंक आणला, सही केली, वर मोठ्यानं वाचूनही दाखवलं. दुबईच्या आमच्या भाच्यानं मला ड्रोन पाठवला होता, पपईवरची माकडं हाकलायला! परवानगी नसताना परदेशातून ड्रोन मागवला, तो जप्त का करू नये, ह्याचं उत्तर द्या, अशी ती नोटीस. खरी. शिक्क्यासकट.

मी पाण्याचा पेला घेऊन बाहेर आले. "भैया, माफ करना."

"वो ठीक है, दीदी. बस वो फोटो... मेरी बिटिया के स्कूल के ग्रुप में पहुँच गया है."

लगेच सगळीकडे लिहिलं : "ये साहब असली हैं. इन पर भरोसा करें. कागज़ दें तो साइन कर दें."

मिनिटभरात महिला मंडळातून उत्तर आलं : "सुनंदा दीदी का नंबर हैक हो गया है. कोई जवाब न दे." आणि मला काढून टाकलं! भजनाच्या ग्रुपमधूनही. घरच्या ग्रुपमधूनही!

घाबरून नागपूरला मोठ्या बहिणीला फोन लावला. "ताई, अगं मी सुनंदा बोलून राहिले! सगळ्यांना सांग, मी खरी आहे!"

ताई म्हणाली, "आवाज तर हुबेहूब काढला रे मेल्या!"

आणि फोन कापला.